आंब्याला मोहोर आला: फवारणीआधी बागेत एक फेरी

पौष सरत आला की कोकणातल्या सकाळी बदलतात. पहाटे शाल लागते आणि दहा वाजता ऊन अंगाला चटका देते. बांधावरच्या काटेसावरीला लाल फुले दिसू लागतात, काजूच्या शेंड्यांना तांबूस पालवी आणि मोहोर एकदमच येतो, फणसाच्या खोडावर कुयऱ्या डोकावतात. आणि हापूसच्या बागेत पाऊल टाकले की मोहोराचा तो गोडसर, थोडा उग्र वास येतो. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. बागायतदाराचा वसंत त्याआधी दोन-तीन महिने दारात उभा असतो.

या दिवसांत बागेत नुसते फिरावे, मोहोर डोळे भरून पाहावा असे कोणालाही वाटते. माझे म्हणणे असे आहे की तसे फिरणे हीच या काळातली पहिली मशागत आहे. वर्षाचे उत्पन्न ज्या चार-सहा आठवड्यांत ठरते, त्यांतच बहुतेक जण पंप खांद्यावर घेऊन बागेत शिरतात आणि झाडाकडे नीट न पाहता बाहेर पडतात. फवारणीचे वेळापत्रक हाताशी हवेच, पण कोणती फवारणी आज लागणार आणि कोणती नाही, हे झाडच सांगते. ते कसे वाचायचे याबद्दल हा लेख आहे. उदाहरणे कोकणातल्या हापूसची असली, तरी मोहोराची भाषा केसर, पायरी किंवा गोव्याच्या मानकुरादलाही बरीचशी लागू पडते.

मोहोर केव्हा आणि कशामुळे येतो

आंब्याला मोहोर फुटण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी जुळाव्या लागतात: पक्व झालेली काडी आणि रात्रीची थंडी. पावसाळ्यानंतर जमिनीतला ओलावा कमी होत जातो, झाडाची शाखीय वाढ थांबते आणि काडीत अन्नसाठा होतो. त्यानंतर रात्रीचे तापमान काही आठवडे खाली राहिले, की शेंड्याच्या डोळ्यात पालवीऐवजी मोहोर तयार होतो.

काडी पक्व आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. शेंड्याची पाने मुठीत धरून दाबा. पान चुरचुर आवाज करत मोडले, रंग गडद हिरवा असला, तर काडी तयार आहे. पान मऊ लागले, रंग पोपटी असला, तर त्या काडीकडून लवकर मोहोराची अपेक्षा ठेवू नका.

पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबला, तर झाड पुन्हा पालवी काढते. ही पालवी जून होईपर्यंत थंडीचे अर्धे दिवस निघून जातात आणि मोहोर उशिरा येतो. अलीकडे एकाच बागेत, किंबहुना एकाच कलमावर, एका बाजूला वाटाण्याएवढी फळे आणि दुसऱ्या बाजूला नुकता फुटणारा मोहोर दिसतो, त्याचे एक कारण हेच. अशा झाडाला एकच वेळापत्रक लावता येत नाही, ही गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी.

डोळा फुगला: पालवी की मोहोर?

वसंताची सर्वात पहिली खूण म्हणजे शेंड्याचा फुगलेला डोळा. तो बारीक, लांबट, टोकदार असेल तर बहुधा पालवी येणार. जाडसर, गोलसर, टपोरा असेल तर मोहोर. आपल्याकडे याला बोंगे फुटणे म्हणतात. रात्री पुरेशा थंड नसतील तर मिश्र मोहोरही येतो, म्हणजे एकाच दांड्यावर खाली पाने आणि वर फुले. तो दिसला म्हणून घाबरू नये, पण त्या वर्षी थंडी अपुरी पडते आहे याची नोंद घ्यावी.

बोंगे फुटण्यापासून पहिली फुले उमलेपर्यंत साधारण तीन ते चार आठवडे जातात. संरक्षणाच्या दृष्टीने हा काळ सर्वात मोलाचा आहे. तुडतुडे याच कोवळ्या भागावर अंडी घालतात आणि या अवस्थेत फुले उघडी नसल्यामुळे फवारणीने परागीभवनाचे नुकसान होत नाही. ज्याने बोंग्यांची अवस्था वेळेवर ओळखली, त्याच्यावर पुढे फुललेल्या मोहोरात कीटकनाशक घेऊन जाण्याची वेळ कमी येते.

सकाळची फेरी

बागेच्या वेगवेगळ्या भागांतली पाच कलमे निवडा: एक उताराच्या वरच्या बाजूचे, एक खालचे, एक दाट सावलीतले, एक कडेचे आणि एक मधले. त्यांच्या खोडाला रंगाची खूण करा. आठवड्यातून दोनदा, सकाळी दव सुकल्यानंतर, ही पाच झाडे पाहायची. अर्धा ते पाऊण तास लागतो. सोबत वही, पेन, एक पांढरा कागद आणि शक्य असल्यास लहान भिंग ठेवा.

प्रत्येक झाडाच्या चारही दिशांचा एकेक मोहोर पाहा आणि पुढील गोष्टी लिहा.

- अवस्था: बोंगा, हिरवा मोहोर, फुले उमलायला सुरुवात, पूर्ण फुललेला, की फळ धरलेला.
- तुडतुडे: मोहोर हलकेच झटकून पांढऱ्या कागदावर काय पडते ते मोजा. पिल्ले आणि प्रौढ वेगळे लिहा.
- फुलकिडे: कागदावर सुईच्या टोकाएवढे, पिवळसर किंवा काळपट, भराभर चालणारे किडे.
- भुरी: दांड्यावर किंवा कळ्यांवर पिठासारखा पांढरा थर.
- करपा: फुलांवर, दांड्यावर काळे ठिपके.
- पाहुणे: मधमाश्या, पोया, माश्या किती फिरतात. आकडा नको. भरपूर, थोड्या, नाहीत, एवढे पुरे.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तो पहिला लिहावा. का, ते पुढे सांगतो.

एक जुनी चूक

वीसेक वर्षांपूर्वी, पदवी घेऊन नुकताच कामाला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. देवगड तालुक्यातल्या एका बागेत मी वेळापत्रक हातात धरून उभा होतो. मागच्या फवारणीला पंधरा दिवस झाले होते, म्हणून पुढची उद्या घ्या, असे मी सांगितले. बागेचे मालक वयाने माझ्या वडिलांएवढे. ते म्हणाले, "साहेब, मोहोर आज पुरा फुललाय. माश्यांचा आवाज ऐकताय ना? चार दिवस थांबलो तर नाही चालणार?" मी मोहोर झटकून पाहिला नव्हता. तुडतुडे किती आहेत हे मला माहीत नव्हते. तरी मी म्हणालो, "वेळ चुकवू नका."

त्यांनी माझा मान राखला आणि फवारणी केली. तीन दिवसांनी गेलो तेव्हा बागेत शांतता होती. त्या वर्षी त्या मोहोराला फळ फारच कमी धरले. त्याला थंडीसह इतरही कारणे असतील, सगळा दोष एका फवारणीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण मी न पाहता सल्ला दिला होता, एवढे खरे. त्यानंतर मी फुललेल्या मोहोरासमोर उभा राहून आधी ऐकतो, मग बोलतो.

मोहोर फुललेला असताना काय घडते

आंब्याच्या एका मोहोरावर हजारभर ते काही हजार फुले असतात. त्यांतली बरीचशी नर असतात. फळ फक्त संयुक्त फुलांना, म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग असलेल्या फुलांना धरते आणि हापूसमध्ये त्यांचे प्रमाण मुळातच कमी असते. मोहोर वाढत असताना कडाक्याची थंडी पडली तर ते आणखी घटते. म्हणूनच काही वर्षी झाड पांढरे-पिवळे होईपर्यंत मोहोरते आणि फळ मात्र हातावर मोजण्याइतके धरते. त्या वर्षी फवारण्या वाढवून फळ वाढत नाही.

फुले मुख्यतः सकाळी उमलतात आणि परागकण दुपारपर्यंत मोकळे होतात. ते एका फुलातून दुसऱ्या फुलात नेण्याचे काम प्रामुख्याने माश्या आणि मधमाश्या करतात. सातेरी, फुलोरी माशी, नांगी नसलेल्या पोया आणि ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही अशा साध्या माश्या, हे सगळे बागेतले बिनपगारी मजूर आहेत. त्यामुळे मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी कीटकनाशके मधमाश्यांना फार घातक आहेत.

किडीचा प्रादुर्भाव खरोखरच वाढला आणि थांबणे शक्य नसेल, तर फवारणी संध्याकाळी, माश्यांची ये-जा थांबल्यावर करावी. बागेत मधपेट्या असतील तर आदल्या रात्री त्यांची दारे बंद करावीत किंवा पेट्या हलवाव्यात. शेजारच्या बागेत पेट्या असतील तर शेजाऱ्याला एक दिवस आधी कळवावे.

चार शत्रू, चार खुणा

*तुडतुडे.* प्रौढ आणि पिल्ले कोवळ्या पालवीतून आणि मोहोरातून रस शोषतात. मोहोर सुकतो, कळ्या गळतात. त्यांच्या अंगातून पडणाऱ्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि पाने काजळल्यासारखी दिसतात. बागेत शिरल्यावर झाडातून टपटप आवाज आला, चेहऱ्यावर किडे आदळले, म्हणजे वेळ आधीच निघून गेली आहे. एका मोहोरावर सरासरी पाचच्या आसपास तुडतुडे मिळू लागले की उपाय करावा. एखाद-दुसरा दिसला म्हणून पंप काढू नये. दाट, सावलीच्या, हवा न खेळणाऱ्या बागेत ते आधी वाढतात, म्हणून फेरीतले सावलीतले झाड कधी चुकवू नका.

*फुलकिडे.* गेल्या काही वर्षांत कोकणातल्या बागायतदारांची झोप यांनी उडवली आहे. मोहोर आणि लहान फळे खरवडून ते रस घेतात. फळाची साल खरबरीत, करड्या डागांची होते आणि असे फळ पेटीत भरता येत नाही. तुडतुड्यांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे पुन्हा पुन्हा मारल्यास फुलकिड्यांचे नैसर्गिक शत्रू मरतात आणि प्रश्न वाढतो. एकाच गटातले कीटकनाशक सलग दोनदा वापरू नये. नाव वेगळे असले तरी गट एकच असू शकतो: इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम हे त्याचे नेहमीचे उदाहरण. डब्यावरचे व्यापारी नाव न पाहता आतला घटक वाचा.

*भुरी.* रात्री थंड, हवा दमट आणि आकाश ढगाळ असे चार दिवस आले की भुरी येते. मोहोरावर पांढरी पावडर दिसते, कळ्या करपून गळतात. ८० टक्के पाण्यात मिसळणारे गंधक, २० ग्रॅम प्रति १० लिटर पाणी, हा जुना आणि स्वस्त उपाय आजही उपयोगी आहे. मात्र कडक उन्हात गंधक फवारू नये, कोवळा भाग भाजतो.

*करपा.* अवकाळी पाऊस किंवा रोजचे दाट दव यामुळे मोहोरावर काळे ठिपके पडतात आणि दांडा वाळतो. पावसाचा अंदाज असेल तर आधी झाडावरच्या सुकलेल्या काड्या काढून जाळाव्यात. रोगाचे बी तिथेच असते. पाऊस थांबल्यावर झाड सुकले की शिफारशीतले बुरशीनाशक घ्यावे.

औषधांची नावे आणि मात्रा यांच्या शिफारशी वेळोवेळी बदलतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे चालू हंगामाचे वेळापत्रक आणि डब्यावरची मान्यता दोन्ही तपासूनच औषध निवडावे. निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ काटेकोर पाळावा.

थंडी पुन्हा आली तर

पहिल्या मोहोराला फळ धरले, मनात पेट्यांचा हिशेब सुरू झाला आणि जानेवारीच्या शेवटी पुन्हा कडाक्याची थंडी पडली, की हापूसमध्ये पुनर्मोहोर येतो. म्हणजे फळ धरलेल्या दांड्याजवळूनच नवा मोहोर फुटतो. झाडाचे अन्न नव्या फुलांकडे वळते आणि वाटाण्याएवढी झालेली पहिली फळे गळतात. लवकरच्या फळाला बाजारात चांगला दर मिळतो, त्यामुळे हे नुकसान दुहेरी असते. दुरून पाहणाऱ्याला मात्र बाग पुन्हा बहरली असे वाटते. प्रत्येक नवा मोहोर आनंदाचा नसतो, तो याच अर्थाने.

यावर जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाची शिफारस आहे. प्रमाण ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. ही पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी. चुकीच्या वेळी घेतल्यास संजीवक उपयोगी पडत नाही, म्हणून मोहोराची अवस्था आणि थंडीचा अंदाज सांगून विद्यापीठाच्या केंद्राकडून वेळ ठरवून घ्यावी. इथेही आपली वही कामी येते.

फळ धरल्यावर

मोहरीएवढी कणी दिसली की पहिला टप्पा पार पडला. त्यानंतर बरीच फळे गळणारच. एका मोहोरावर शेवटी एखाददुसरे फळ टिकले तरी झाड भरलेले दिसते. नैसर्गिक गळ आणि रोग-किडीची गळ यांत फरक करायला शिका. गळलेली फळे उचलून देठ आणि साल पाहा. डाग, छिद्र, खरवडलेली साल नसेल, तर झाड आपला भार हलका करत आहे.

- पाण्याची सोय असेल तर फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून १५ दिवसांच्या अंतराने प्रति झाड १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे. पाणी खोडाशी न ओतता विस्ताराच्या कडेखाली द्यावे आणि वर गवताचे आच्छादन करावे. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद करावे.
- मोहोर येण्याआधी किंवा मोहोर फुटत असताना घाईने भरपूर पाणी देऊ नये. झाड पालवीकडे वळते.
- वाटाणा, गोटी आणि अंडी या तीन अवस्थांत १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी घेतल्यास गळ कमी होण्यास आणि प्रत सुधारण्यास मदत होते. १ टक्का म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम.

मोहोराची तारीख म्हणजे काढणीची तारीख

हापूसचे फळ, फळधारणेपासून साधारण १०० ते १२० दिवसांत काढणीला येते. मधला ११० चा आकडा धरला, तर १० डिसेंबरच्या आसपास धरलेले फळ मार्चअखेर आणि २० जानेवारीचे फळ १० मेच्या सुमारास तयार होईल. उष्णता वाढली तर काही दिवस अलीकडे सरकेल. वहीत प्रत्येक खुणेच्या कलमाची तारीख असेल, तर कामगार कधी लागतील, पेट्या किती मागवायच्या, वाशीला काय पाठवायचे आणि घरच्या ग्राहकाला कधीचा शब्द द्यायचा, हे सगळे फेब्रुवारीतच मांडता येते.

एकाच झाडावर दोन-तीन टप्प्यांचा मोहोर असेल, तर वेगवेगळ्या टप्प्यांच्या फांद्यांना वेगळ्या रंगाच्या सुतळीच्या खुणा करा. काढणीच्या वेळी चौदा आणे तयार फळासोबत कोवळे फळ पेटीत जाणार नाही. पेटीत चार कोवळी फळे निघाली की ग्राहक पुढच्या वर्षी फोन करत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

या दिवसांत मोबाईलवर मोहोराचे फोटो येतात आणि खाली एकच प्रश्न असतो: "काय मारू?" उत्तरात औषधाचे नाव पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. फुले उमलली आहेत का? किती?
२. मोहोर झटकून किती तुडतुडे मिळाले?
३. मागची फवारणी कधी आणि कशाची होती?
४. गेल्या आठवड्यात थंडी, ढग, दव, पाऊस यांपैकी काय होते?
५. मधमाश्या दिसतात का?

यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याकडे नसतील, तर "आज फक्त फेरी मारा, उद्या सांगतो" हाच योग्य सल्ला. एक दिवस थांबल्याने बाग जात नाही. न पाहता केलेल्या फवारणीत औषधाचे, मजुरीचे पैसे जातात आणि कधी कधी फळही.

महाशिवरात्रीला आपण आंब्याचा मोहोर शंकराला वाहतो. तो तोडायला झाडाखाली जाल तेव्हा मिनिटभर थांबा. दांडा झटकून हातावर काय पडते ते पाहा, वास घ्या, माश्यांचा आवाज कानावर येतो का ते ऐका. आणि घरी आल्यावर वहीत तारीख लिहा.